मूळबंध ते केगेल : एका दुर्लक्षित व्यायामाचा इतिहास

‘अवघड जागचं दुखणं आणि जावई वैद्य’ अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. आपण ती हसण्यावारी नेतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे पाहिले तर त्याला तीत एक लांबलचक सामाजिक कहाणी दिसते. दुखणे आहे, त्यावर इलाज करणारा घरातच बसलेला आहे, आणि तरीही तोंड उघडायची सोय नाही! आज ज्या व्यायामाविषयी मी बोलणार आहे, त्याचा सारा इतिहास या एका म्हणीच्या छायेत घडला आहे. श्रोतेहो, विषय अवघड जागेचा आहे खरा. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनीही रेडिओ बंद न करता ऐकावा असाच आहे.

प्रथम ही जागा कोणती ते सांगतो. ओटीपोटाच्या खाली, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय, आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ही सारी मंडळी या झोळीच्या आधारावर असतात. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदद्वार या झोळीतूनच बाहेर येतात, आणि ती वेळेवर आवळण्याचे कामही तिच्याकडेच. शास्त्रीय मराठीत हिला श्रोणितल म्हणतात. बाळंतपणात ही झोळी कमालीची ताणली जाते, कधी फाटते. वय, लठ्ठपणा, जुनाट खोकला, नेहमीचे कुंथणे यांनीही ती सैल पडते. मग शिंकलं की लघवीचे थेंब, खोकलं की थेंब, पाण्याचा हंडा उचलला की थेंब. त्याहून पुढची पायरी म्हणजे खेड्यापाड्यांत ज्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात ती. चार बाळंतपणं झाल्यावर असं व्हायचंच, असे म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्ये काढली. लग्नाला जाणे सोडले, एस्.टी.चा लांबचा प्रवास सोडला, देवळात बसणे सोडले. आणि हे का सोडले ते नवऱ्यालाही सांगितले नाही.

या दुखण्यावर जुन्या काळी उपाय नव्हते असे नाही. आपल्या आयुर्वेदाच्या संहितांत वीस योनिव्यापद सांगितल्या आहेत आणि त्यांत अंग खाली सरकण्याचा विकारही आहे. तेथे भर आहे तो स्नेहन, शेक, अंग जागच्या जागी बसवणे, औषधी बोळे यांवर. ग्रीक वैद्यांचे उपाय तर ऐकवत नाहीत. बाईला शिडीला पाय वर करून बांधायचे आणि शिडी हलवायची, म्हणजे अंग आपोआप आत जाईल, असा एक प्रकार हिप्पोक्रातीसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत आढळतो. अर्धे डाळिंब आत बसवण्याचाही एक उपाय होता. सैल पडलेला स्नायू त्याच्याच बळावर पुन्हा कमावता येईल, जसा पैलवान दंड कमावतो तसा, हा विचार मात्र या वैद्यकात फारसा दिसत नाही.

तो स्नायू हेतुपुरस्सर आवळण्याची कला दुसऱ्याच मंडळींनी जोपासली होती. ती मंडळी म्हणजे हठयोगी.

आणि येथे मराठी माणसाला लांब जाण्याचे कारण नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी उघडा आणि सहावा अध्याय काढा. ध्यानाला कसे बसावे हे सांगताना ज्ञानेश्वर महाराज मूळबंधाचे वर्णन करतात. वज्रासन हे त्याचेच दुसरे, गौण नाव, असेही सांगतात. त्या वर्णनातला तपशील पाहण्यासारखा आहे. गुद आणि जननेंद्रिय यांमध्ये चार अंगुळांची जागा. तिच्यातली दोहों बाजूंची दीड-दीड अंगुळे सोडून द्यायची. मध्ये उरले एक अंगूळ. त्या एका अंगुळावर टाचेने दाबायचे. आजच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात पाहिले तर श्रोणितलाचे अनेक स्नायू ज्या गाठीपाशी येऊन मिळतात ती गाठ याच ठिकाणी आहे! पाठीचा शेवट कसा उचलायचा, तर उचलला की नाही हे कळूसुद्धा नये इतका हलकेच, असेही ते बजावतात. हे लिहिणारा, नव्हे सांगणारा, कोवळ्या वयाचा संन्याशाचा मुलगा होता आणि त्याच्या पाठीशी नाथपंथाची परंपरा होती, हे लक्षात घेतले म्हणजे या अचूकपणाचा उलगडा होतो.

पुढे पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत हाच मूळबंध येतो. टाचेने शिवण दाबायची, गुद आवळायचे, अपान वर ओढायचा. नित्य करणारा म्हातारासुद्धा तरुण होतो असे आश्वासनही ग्रंथकार देऊन टाकतो. त्यानंतरच्या घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रा आहे : गुदद्वार पुनःपुन्हा आवळायचे आणि सोडायचे. नाव घोडीवरून पडले; घोडी लीद टाकल्यावर जी हालचाल करते ती ज्याने पाहिली असेल त्याला वेगळी व्याख्या नको. गुदाचे रोग जातात, बळ येते, अकाली मरण टळते, असे त्याचे फळ दिले आहे.

आता आपल्यापैकी काही जण म्हणतील, “म्हणजे झालं! हे सगळं आमच्याकडे सातशे वर्षांपूर्वीच होतं.” इतिहासाचा मास्तर म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. हालचाल तीच होती, यात शंका नाही. पण प्रश्न तोच होता काय? योग्याला लघवी सांभाळायची नव्हती. त्याला अपान उलटा फिरवून कुंडलिनी जागी करायची होती. हे ग्रंथ मुख्यतः संसार सोडलेल्या पुरुष साधकासाठी लिहिलेले. चार बाळंतपणे होऊन खंगलेली, पहाटे उठून जात्यावर बसणारी बाई त्यांच्या समोर नव्हती. आणि जी सुईण त्या बाईच्या उशाशी होती, ती पोट बांधायची, शेक-शेगडी द्यायची, धुरी द्यायची. मूळबंध तिच्या कानावर कोण घालणार? एकाच गावात मठही होता आणि बाळंतिणीची खोलीही होती. दोहोंमधली भिंत सातशे वर्षे उभी राहिली. मला विचाराल तर या इतिहासातली अभिमानाची आणि खेदाची जागा एकच आहे, ती ही.

विसाव्या शतकात ही भिंत पाडण्याचे काम महाराष्ट्रातच सुरू झाले असे म्हणता येते, पण ते अर्ध्यावर राहिले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (1883–1966), हे मूळचे शिक्षक. अमळनेरला त्यांनी शिक्षणाचे काम केले होते. 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. योगक्रिया क्ष-किरणांखाली आणि दाब मोजणाऱ्या यंत्राला जोडून तपासायच्या, हा त्यांचा ध्यास. नौली करताना आतड्यात पाणी आपोआप कसे चढते, याचा त्यांनी शोध घेतला. तेथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, अंशतः पोकळी निर्माण होते, म्हणून पाणी चढते, असे त्यांनी पाऱ्याच्या मापाने दाखवले. आणि त्या पोकळीला आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. श्रोणीच्या आतला दाब मोजून व्यायाम समजून घ्यायचा, हा विचार लोणावळ्याच्या डोंगरात तेव्हा आलेला होता. पण त्यांचे लक्ष नौली-उड्डियानावर होते. बाळंतिणीच्या सैल झोळीकडे ते यंत्र काही वळले नाही.

ते यंत्र वळले अमेरिकेत, लॉस एंजेल्सला. त्याआधी इंग्लंडात मार्गारेट मॉरिस नावाच्या बाईंनी 1936 साली बाळंतिणींसाठी आणि शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी व्यायामाचे एक पुस्तक लिहिले होते आणि त्यात हे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम होता. बाई मूळच्या नर्तकी, पुढे व्यायामोपचाराचे रीतसर शिक्षण घेतलेल्या. इतिहास मात्र नाव लक्षात ठेवतो ते डॉ. आर्नल्ड केगेल यांचे. इतिहासाची ही जुनी खोड आहे, असो.

केगेल हे स्त्रीरोगतज्ज्ञ. लघवी न धरवणाऱ्या बायांवर शस्त्रक्रिया करावी, काही दिवस बरे वाटावे आणि मग दुखणे परत यावे, हा त्या काळच्या डॉक्टरांना नेहमीचा अनुभव होता. 1948 साली त्यांनी या स्नायूंच्या व्यायामावर आपले लेख प्रसिद्ध केले. त्यात नवे काय होते? आवळणे नवे नव्हते, हे आपण पाहिलेच. नवे होते ते यंत्र. हवेने भरलेली रबराची एक नळी आणि तिला जोडलेली, पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरपर्यंत दाब दाखवणारी तबकडी. बाईने नळी आत बसवायची, आवळायचे, आणि काटा कुठवर जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. दिवसातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटे. आज काटा पाचावर गेला, पुढच्या महिन्यात पंधरावर! महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे हातपाय वजन वाढवत-वाढवत कमावण्याची पद्धत त्याच वर्षांत अमेरिकन इस्पितळांत रूढ होत होती. केगेल यांच्या पद्धतीतही तेच तत्त्व होते.

त्यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म तेथे आहे. ‘आवळा’ असे नुसते सांगितले तर पुष्कळ बायांना ते जमतच नाही. कुणी पोट आत ओढते, कुणी मांड्या जुळवते, कुणी श्वास कोंडते, आणि कुणी तर आवळण्याऐवजी खाली जोर देते, म्हणजे औषधाच्या नावाने दुखणेच वाढवते. म्हणून केगेल आधी बोटाने तपासून योग्य स्नायू ओळखून देत, मग यंत्र, मग व्यायाम. पुढे झाले काय, की ‘केगेल व्यायाम’ हे नाव जगभर गेले, पण बोट आणि तबकडी दोन्ही मागे राहिली. बाळंतिणीच्या हातात एक छापील चिठ्ठी आली : इतक्या वेळा आवळा. अशाने गुण येईना, तेव्हा व्यायामच कुचकामी आहे असे लोक म्हणू लागले. अमेरिकेत 1991 साली एका पाहणीत 47 बायांना तोंडी सूचना देऊन पाहिले, तर साधारण निम्म्यांनाच नीट आवळता आले, आणि चौघींत एक उलटा जोर देत होती. चाळीस वर्षांनी गाडी पुन्हा केगेल यांच्या पहिल्या पानावर आली!

केगेल यांच्या आकड्यांत एक उणीव होती. व्यायाम न केलेल्या बायांशी त्यांनी तुलना केली नव्हती. ती नॉर्वेच्या कारी ब्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. 107 बाया, चार गट : एकीकडे व्यायाम, दुसरीकडे विजेचे उपचार, तिसरीकडे योनीत धरायची वजने, आणि चौथ्या गटाला काहीच उपचार नाही. सहा महिन्यांनी, शिंकताना-खोकताना होणाऱ्या गळतीवर व्यायामाचा गट सरस ठरला. हे 1999 साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासूनच्या चाचण्यांनी हे मत पक्के केले आहे, आणि अशा गळतीवर शस्त्रक्रियेआधी हा व्यायाम शिकवावा, असे वैद्यक आज मानते.

पुरुषांनाही ही झोळी आहे, हे विसरू नये. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळते तेव्हा हाच व्यायाम सांगतात. बेल्जियममध्ये 2000 साली त्याचा चांगला गुण दिसला. उलट ब्रिटनमध्ये आठशेहून अधिक पुरुषांवर केलेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकेकाला वेगळी शिकवणी देऊन वर्षाअखेर फारसा फरक पडला नाही. म्हातारा तरुण होतो, हे स्वात्मारामाचे आश्वासन अजून कोणत्याही चाचणीत उतरलेले नाही.

राहता राहिला प्रश्न, करायचे कसे. मी वैद्य नव्हे. पण जाणकार सांगतात ते येथे नोंदवतो. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसे आवळून धरतो, ती हालचाल. बायांनी पुढचा भागही तसाच आत-वर ओढायचा. पोट, मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू. सहा ते आठ सेकंद धरायचे, तितकाच वेळ पूर्ण सोडायचे. सोडणे हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. शिंक येणार असे वाटले की आधी आवळायचे आणि मग शिंकायचे, ही युक्ती त्यात जोडावी. लघवी करता-करता मध्येच थांबवून सराव करायचा, हा पूर्वी पुष्कळांनी दिलेला सल्ला आता मोडीत निघाला आहे; त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. ओटीपोटात दुखत असेल, अंग बाहेर आलेले असेल, किंवा महिना-दोन महिने करूनही काहीच कळत नसेल, तर डॉक्टरीण बाईंकडे किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन योग्य स्नायू आवळला जातो आहे ना, एवढे एकदा तपासून घ्यावे. त्या तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात.