नांगऱ्याची बायको बाधा आणि आपल्या गावचे फलक



एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याचा डोंगर तुमच्यापैकी पुष्कळ जणी चढल्या असतील. आम्हीही दरवर्षी जातो. ओटी भरायची, नारळ फोडायचा, सावलीला बसून भाकरी खायची आणि उतरायचं. देवळाला लागूनच मोठं लेणं आहे. त्यात डोकावलं तर डोकावलं. त्याच्या खांबांवर अक्षरं कोरलेली आहेत, हे आम्हाला कितीतरी वर्षं दिसलंच नव्हतं. यंदा गटातल्या एकीची लेक बरोबर होती. ती कॉलेजात इतिहास शिकते. खांबावर बोट ठेवून ती म्हणाली, "मावशी, ही देणगीदारांची यादी आहे."

आम्ही हसलो. आपल्या सभामंडपात असते तशी? ती म्हणाली, "तशीच. फक्त दोन हजार वर्षांपूर्वीची."

हसू आलं खरं, पण यादी म्हटल्यावर एक जुनं दुखणंही जागं झालं. ते आधी सांगतो.

आमच्या गावची अंगणवाडी एका आजींच्या जागेवर उभी आहे. त्यांच्या वाट्याला आलेल्या जमिनीतली गुंठाभर जागा त्यांनी दिली. दिली म्हणजे चार माणसांदेखत तोंडी सांगितलं, "पोरांसाठी घ्या." बांधकामाला आम्ही बायकांनी विहिरीवरून पाणी वाहिलं, खडी उचलली, गवंड्याला जेवण पोचवलं. इमारत झाल्यावर फलक लागला. त्यावर रोख रक्कम देणाऱ्यांची नावं, मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे. जागेच्या पुढे आजींच्या मुलाचं नाव. पाणी, खडी, जेवण यांचा उल्लेखच नाही. तेव्हा कोणी काही बोललं नाही. आजी गेल्या, आणि वर्षभरात घरातल्याच पुढच्या पिढीतून प्रश्न आला, "जागा दिली होती कशावरून?" फलक बघितला, तर देणारीचं नावच नाही. "आमच्यासमोर दिली" असं सांगायला आम्ही तिघीच उरलो होतो.

म्हणून आज आपण बोलणार आहोत ते या नावांबद्दल. देणाऱ्याचं नाव पूर्वी कसं लिहीत, कोणाकोणाचं लिहीत, आणि त्यातून आपण काय घ्यायचं.

कार्ल्याच्या लेण्यावरचे लेख ब्राह्मी लिपीत आहेत आणि भाषा प्राकृत. अक्षर आपल्याला लागत नाही, पण कोणी वाचून दाखवलं तर शेवटचा शब्द ओळखीचा निघतो. 'दानं'. तोच आपला 'दान'. लेख अगदी छोटे असतात. कोण, कुठल्या गावचं, काय धंदा, काय दिलं, एवढंच. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजीने हे लेणं पुरं केलं आणि साऱ्या जंबुद्वीपात असं दुसरं नाही, असं कोरूनही ठेवलं. म्हणजे मिरवायची हौस तेव्हाही होती! दारासमोरचा सिंहस्तंभ एका महारठीने दिला. महारठी म्हणजे त्या काळचा मोठा मानकरी.

पण यादी शेठजी आणि मानकऱ्यांवर संपत नाही. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने लेण्याचं दार घडवलं, ते त्याच्या बापाच्या नावासकट लिहिलेलं आहे. सुगंधी वस्तू विकणाऱ्या एका गंध्याचं नाव आहे. काही खांब यवनांनी दिलेले आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून व्यापाराला आलेले परदेशी लोक. एकेक खांब एकेकाने उचलला आणि मिळून एवढं मोठं लेणं उभं राहिलं.

आता बायकांकडे या. एका ठिकाणी महादेवणक नावाच्या गृहस्थाच्या आईचं दान आहे. तिची ओळख मुलावरून दिली आहे, पण तिचं स्वतःचं नावही लिहिलं आहे, भायिला. दुसऱ्या ठिकाणी कोडी नावाच्या भिक्खुणीने वेदिकेची नक्षी दिली. वेदिका म्हणजे कठड्यासारखं कोरीव काम. ही कोडी घुणिकाची आई. आणि त्याच लेखात पुढे लिहिलं आहे की काम नंदिकाने केलं. मैत्रिणींनो, इथे आम्ही थांबलो. पैसा देणारी आणि हात चालवणारा, दोघांची नावं एकाच ओळीत! आमच्या अंगणवाडीच्या फलकावर नेमकी हीच ओळ नाही.

कार्ल्याहून समोर बघितलं तर लोहगड आणि विसापूर दिसतात. त्यांच्या पायथ्याला, मळवली स्टेशनजवळ, भाजे गाव आहे. तिथलं लेणं कार्ल्याहूनही जुनं. तिथल्या एका लेखाने आम्हाला सगळ्यात जास्त धरून ठेवलं. त्यात एवढंच लिहिलंय की हालिकाची बायको बाधा, हिचं दान. हालिक म्हणजे नांगर धरणारा. बाधाने काय दिलं, किती दिलं, काही लिहिलेलं नाही. नांगऱ्याच्या घरातून असं कितीसं निघालं असेल? पण ती बाई होती, तिने दिलं, आणि तिचं नाव बाधा होतं, हे दोन हजार वर्षांनी आम्ही शेतकऱ्याच्या बायका वाचतो आहोत. तिच्या नवऱ्याचा धंदा कळतो, नाव मात्र कळत नाही. आपल्या फलकांवर याच्या उलट असतं.

अशी साधी माणसं आणखीही आहेत. मुंबईजवळच्या कान्हेरीला कल्याणच्या एका लोहाराने वाट करून दिली, तिथल्याच एका सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. कोकणात कुड्याच्या लेण्यांत एका माळ्याचं नाव आहे आणि कऱ्हाडच्या एका लोखंड विकणाऱ्याचंही. वाट, टाकं, खांब, दार अशी ही दानं. आपल्या श्रमदानाच्या यादीपेक्षा वेगळं त्यात काय आहे?

आता बचत गटाच्या बायकांनी कान देऊन ऐकावं असं एक दान सांगतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात ते कोरलेलं आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिली. पण ती भिक्खूंच्या हातात दिली नाहीत. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन संघांकडे ठेवली. २००० एका संघाकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसऱ्याकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना कापडासाठी प्रत्येकी १२ नाणी द्यायची.

हिशेब करून बघा. २००० चे दरमहा २०, वर्षाचे २४०. आणि २० जणांना बारा-बारा म्हणजे २४०. एका नाण्याचाही फरक नाही! आमच्या गटाची सचिव हे ऐकून म्हणाली, "ही वही पास." त्याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने खोली दान दिल्याचा लेख आहे, तिच्या स्वतःच्या नावाने.

पण या लेखातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे दान निगमसभेत, म्हणजे गावच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं त्यात म्हटलं आहे. 'फलक' हा शब्दही तिथलाच. आधी सभेत सगळ्यांच्या कानावर घालायचं, मग लिहायचं. म्हणजे नाव कोरणं हे नुसतं मिरवणं नव्हतं. तो पुरावा होता. काय दिलं, कशासाठी दिलं, कोणाकडे ठेवलं, हे पुढच्यांना नाकारता येऊ नये म्हणून ते होतं.

अशी यादी लिहायची रीत पुढेही चालू राहिली. वारकरी मैत्रिणींना पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख माहीत असेल. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा. तो दगडही खरं म्हणजे देणगीदारांची यादीच आहे! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळाला ज्यांनी दिलं, त्यांची नावं त्यावर मराठीत आहेत. रामदेवराव यादव आणि त्याचा कारभारी हेमाद्री हेही त्यात आहेत. लोकांनी त्या यादीलाच पाठ टेकून नमस्कार केला.

आता अलीकडे येऊ. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. गरिबांची मुलं, सगळ्या जातींची, एका वसतिगृहात राहायची. मुलांच्या जेवणाची ओढाताण असायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून त्यात गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या वारल्या. त्यांची आठवण संस्थेने आणि मुलांनी जपली, म्हणून आज त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. सोलापुरात त्यांच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे.

पण त्याच संस्थेला मुष्टिफंडातून धान्य मिळायचं. मूठभर जोंधळे, मूठभर बाजरी. ती मूठ बाजूला काढणारी कोण? घरोघरची बाईच. त्या मुठींवर कितीतरी मुलं जेवली आणि शिकली, पण त्या बायकांची नावं कोणत्या दगडावर सापडायची? रोख रकमेची पावती होते, मुठीची होत नाही. पाण्याच्या हंड्याची तर नाहीच.

आमच्या गटात यावर वादही झाला. एक काकू म्हणाल्या, "दान गुप्त असावं. या हाताचं त्या हाताला कळू नये. नाव लावलं की पुण्य गेलं." त्यांचं म्हणणं खोटं नाही. ज्या बाईला नाव नको, तिचं लावू नये. पण गंमत अशी की गुप्त राहायचं दान नेहमी बायकांचंच का असावं? आणि आजींचं दान गुप्त राहिलं म्हणून आज ती जागाच वादात आहे, त्याचं काय? तेव्हा काकू गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग आधी तिचं नाव लिहा."

आम्ही काय करायचं ठरवलं, ते सांगतो. तुमच्या गटाला पटलं तर तुम्हीही करा.

गटाच्या नेहमीच्या वहीशेजारी आम्ही एक वेगळी वही घातली आहे. त्यात बाईचं स्वतःचं नाव आधी, मग गाव-वाडी, मग काय दिलं. रोख, धान्य, जागा, मजुरी, स्वयंपाक, रात्रीची सोबत, सगळं एकाच रकान्यात. आकड्याप्रमाणे वर-खाली लावायचं नाही, तारखेप्रमाणे लिहायचं. काम करणाऱ्याचं नाव देणाऱ्याच्या शेजारी, कोडी आणि नंदिकासारखं. आणि वर्षातून एकदा ही वही सभेत वाचायची. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. तिथे वाचली की ती पुढे ग्रामसभेतही वाचा म्हणून धरून बसता येतं.

जागेच्या बाबतीत मात्र वही पुरत नाही. जमीन तोंडी दान होत नाही, नोंदणी केलेलं बक्षीसपत्र लागतं. देणारी हयात असतानाच ते करून घ्यावं. आम्ही ते केलं नाही, ही आमची चूक. आता आजींचा मुलगा सही करायला तयार झाला आहे. नातवाचं मन अजून वळलेलं नाही. आम्ही जातो, बोलतो, चहा पिऊन परत येतो. पुन्हा जाऊ.

फलकाचं काम मात्र झालं. गेल्या महिला सभेत आम्ही तिघींनी उभं राहून सांगितलं, कोणी काय दिलं ते. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. जुन्या फलकाखाली दुसरी फरशी बसली आहे. पहिल्या ओळीत आजींचं नाव, त्यांचं स्वतःचं, आणि पुढे 'जागा'. खाली पाणी वाहणाऱ्या, खडी उचलणाऱ्या, जेवण पोचवणाऱ्या एकवीस जणी. एकीने नाव नको म्हटलं, तिचं लावलं नाही.

पुढच्या वेळी एकवीरेला गेलात की दर्शनानंतर लेण्यात जा. खांबावर हात फिरवू नका, अक्षरं झिजतात. नुसतं बघा. आणि जमलं तर समोर भाज्यालाही जाऊन या. तिथे आपल्यातलीच एक बाधा आहे.