तापी खोऱ्यातील मत्स्यकायदे : परवाना, जाळे आणि परकीय जलचर (१८७९ ते आजपर्यंत)

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून अरबी समुद्रास मिळते. या प्रवासात खानदेशाचा शेतीप्रधान प्रदेश तिने समृद्ध केला. खानदेशाच्या इतिहासलेखनात कापूस, केळी, रेल्वे आणि सहकारी चळवळ यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. मात्र नदीवर उपजीविका करणाऱ्या भोई, कोळी आदी समाजांचा आणि त्यांच्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायद्यांचा विचार अभ्यासकांकडून फारसा झालेला नाही. भुसावळ तालुक्यातील हतनूर जलाशयाच्या संदर्भात हा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा ठरतो. मासे कोणी व कसे पकडावेत याचे नियम सुमारे सव्वाशे वर्षांपासून अस्तित्वात आहेत. पाण्यात कोणता मासा सोडावा याविषयी मात्र कायदा दीर्घकाळ मौन बाळगून राहिला. या मौनाची कारणे व परिणाम तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पाण्याच्या मालकीचा प्रश्न

परवान्याचा इतिहास मत्स्यकायद्यापासून नव्हे, तर महसूल कायद्यापासून सुरू होतो. १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर खानदेश ब्रिटिश अमलाखाली आला. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमातील कलम ३७ अन्वये, ज्यावर इतर कोणाचा हक्क सिद्ध होत नाही असे नद्यांचे, नाल्यांचे व तलावांचे तळ आणि वाहते व साचलेले पाणी सरकारची मालमत्ता ठरले. हेच तत्त्व महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० मध्ये कायम राहिले. गावाच्या डोहात परंपरेने जाळे टाकणारा भोई यामुळे तत्त्वतः सरकारी मालमत्तेचा उपभोग घेणारा ठरला. परवाना व ठेका या दोन्ही संकल्पनांचा पाया येथेच घातला गेला.

फ्रान्सिस डे यांचा अहवाल व १८९७ चा कायदा

मद्रास लष्करातील शल्यचिकित्सक फ्रान्सिस डे यांच्याकडे गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायाच्या चौकशीचे काम सोपविण्यात आले होते. त्यांचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्हाधिकारी व देशी महसूल अधिकारी यांच्याकडून मागविलेल्या उत्तरांवर हा अहवाल मोठ्या प्रमाणात आधारलेला होता. अंडी घालण्यासाठी चढणीवर निघालेल्या माशांची शिकार, बारीक आसाची जाळी, प्रवाहात कायम बसविलेले सापळे आणि पाण्यात विष कालविणे यांमुळे मासे घटत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर कायदा होण्यास दोन तपे लागली.

१८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने डायनामाईट अथवा अन्य स्फोटके वापरून आणि पाण्यात विष टाकून मासे मारण्यास मनाई केली. यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाईटचे पेटंट १८६७ मध्ये घेतले. अवघ्या तीस वर्षांत हिंदुस्थानातील मत्स्यकायद्यास त्याची नावानिशी दखल घ्यावी लागली, ही बाब लक्षणीय आहे. निवडक पाण्यांमध्ये जाळ्यांचा प्रकार व आसाचे माप ठरविणे, स्थिर सापळ्यांस मनाई करणे आणि जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवणे, असे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देण्यात आला.

या कायद्याची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे त्याची संपूर्ण दृष्टी पाण्यातून मासा बाहेर काढण्याच्या साधनांवर केंद्रित होती. दुसरे म्हणजे जाळ्यांविषयीचे नियम खाजगी पाण्यास लागू करण्यासाठी मालकाची व मासेमारीचा अनन्य हक्क असणाऱ्यांची लेखी संमती आवश्यक होती. खाजगी तळ्यातील माशांचा सार्वजनिक नदीशी काही संबंध येईल, हे त्या काळी कायदेकर्त्यांच्या ध्यानी आले नसावे.

राज्याचा कायदा, सहकार व हतनूर

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत (क्रमांक २१) समाविष्ट झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० हा एकत्रित कायदा आला. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमामुळे मच्छीमार सहकारी संस्थांना कायदेशीर अधिष्ठान लाभले. सागरी मासेमारीसाठी १९८१ मध्ये स्वतंत्र नियमन कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा होऊन दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या. किनारपट्टीच्या तुलनेत नदी व जलाशयांतील मासेमारीकडे कायदेमंडळाचे लक्ष कमीच गेले, असे म्हणावे लागते.

दरम्यान तापीचे रूप पालटले. गुजरातमध्ये १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि समुद्राकडून वर येणाऱ्या माशांचा मार्ग अडला. १९८२ मध्ये तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या अंगास हतनूर येथे ४१ दरवाजांचे धरण उभे राहिले. वाहत्या पाण्यातील मासेमारीची जागा साचलेल्या पाण्यातील मासेमारीने घेतली. डोह, चढण, पूर यांचे पिढीजात ज्ञान मागे पडले आणि संस्थेचे सभासदत्व, ठेक्याची रक्कम व मत्स्यबीज संचयन या नव्या बाबी मच्छीमाराच्या जीवनात आल्या. जलाशयात बीज सोडणे ही आता ठेक्यासोबत येणारी जबाबदारी झाली.

परकीय माशांचे आगमन

परकीय मासे चोरट्या मार्गानेच आले, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळे चित्र दाखवितो. डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुसिया हा मासा हिवताप निर्मूलनासाठी १९२८ मध्ये भारतात आणला गेला. मूळचा दक्षिण अमेरिकेतील गप्पी मासाही याच हेतूने गावोगावच्या विहिरी व डबक्यांत सोडला गेला. १९३९ मध्ये निलगिरीत सायप्रिनस आला आणि १९५७ मध्ये त्याचीच बँकॉक जात दाखल झाली. १९५२ मध्ये तिलापिया, तर १९५९ मध्ये चंदेरा व गवत्या हे मासे आणण्यात आले. अन्नटंचाईच्या काळात स्वस्त प्रथिने मिळावीत, हा यामागील उद्देश प्रामाणिक होता.

तिलापियाची मादी पिल्ले तोंडात सांभाळते आणि मासा काही महिन्यांतच प्रजननक्षम होतो. त्यामुळे एकदा शिरलेला तिलापिया जलाशयातून हटविणे जवळपास अशक्य ठरते. १९५९ मध्येच त्याच्या प्रसारावर केंद्रीय पातळीवर बंदी घालण्यात आली, परंतु तोपर्यंत तो अनेक पाण्यांत रुजला होता. भीमेवरील उजनी जलाशयात ‘चिलापी’ या नावाने तो आज बाजारातील प्रमुख मासा झाला आहे. आफ्रिकन मांगूर हा शिकारी मासा १९९० च्या दशकात बांगलादेशमार्गे अवैधरीत्या आला. २००० मध्ये केंद्र शासनाने त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादास त्याविरुद्ध आदेश द्यावे लागले आणि त्यानंतर महाराष्ट्रात त्याचे साठे नष्ट करण्याची कारवाई झाली. बंदी व अंमलबजावणी यांतील दोन दशकांचे हे अंतर पुरेसे बोलके आहे.

यातील मांगुराचे संवर्धन प्रामुख्याने खाजगी तळ्यांत होत आले. १८९७ च्या कायद्याने खाजगी पाण्यास दिलेली सवलत कोणत्या परिणामास पोहोचू शकते, हे येथे स्पष्ट होते. तळ्याचा बांध अतिवृष्टीत फुटला की खाजगी मासा सार्वजनिक होतो.

‘परका’ कोणास म्हणावे?

या प्रश्नास आणखी एक पैलू आहे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी कटक येथे संप्रेरकांच्या साह्याने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर कटला, रोहू व मृगळ यांचे बीज मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाले. हे मासे मूळचे उत्तरेकडील गंगा-सिंधू खोऱ्यांतील आहेत. कायद्याच्या दृष्टीने ते भारतीय असले, तरी तापीच्या दृष्टीने तेही पाहुणेच होत. देशाची सीमा ही नदीच्या खोऱ्याची सीमा नसते, हे ‘परदेशी’ या शब्दामुळे झाकले जाते. अर्थात कटला-रोहूवर आज हजारो कुटुंबांचे पोट भरते. त्यांना हद्दपार करण्याची भाषा अव्यवहार्य ठरेल. मात्र तापीतील मरळ, वाम व महसीर यांच्या संवर्धनाचा विचार बीजसंचयनाच्या धोरणात व्हावयास हवा होता, एवढे निश्चित म्हणता येते.

नियमांच्या फेरविचाराची दिशा

वरील विवेचनावरून तीन बाबी पुढे येतात. पहिली, पकडण्याच्या परवान्याबरोबरच सोडण्याचाही परवाना असणे आवश्यक आहे आणि त्यात सरकारी बीजकेंद्रे, सहकारी संस्था, शेततळ्यांचे मालक व शोभिवंत मासे विकणारे व्यापारी या सर्वांचा समावेश व्हावा. दुसरी, तापी तीन राज्यांतून वाहते. हतनूरचे दरवाजे उघडले की पाण्याबरोबर मासेही उकाईच्या दिशेने जातात. त्यामुळे राज्यसूचीतील हा विषय खोऱ्याच्या पातळीवरील समन्वयाविना सुटणारा नाही. तिसरी, नियमभंगाचा भार कोणावर पडतो याचा विचार झाला पाहिजे. परकीय मासा जाळ्यात आला, तर तो सोडणारा सापडत नाही. हाती लागतो तो जाळे टाकणारा. त्यामुळे मच्छीमारास दंड करण्याऐवजी अशा माशाची नोंद करण्याचे काम त्याच्याकडे मोबदल्यासह सोपविणे अधिक न्याय्य व उपयुक्त ठरेल. २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता परिषदेत आक्रमक परकीय प्रजातींचा प्रवेश व स्थिरावण्याचे प्रमाण २०३० पर्यंत किमान निम्म्याने घटविण्याचे उद्दिष्ट स्वीकारण्यात आले. ते जाळ्यापर्यंत पोहोचविण्याचा हा एक मार्ग होऊ शकेल.

समारोप

१८७९ च्या कायद्याने पाणी सरकारचे झाले, १८९७ च्या कायद्याने जाळ्यावर नजर ठेवली आणि स्वातंत्र्योत्तर काळात ठेका व बीजसंचयन आले. या प्रत्येक टप्प्यावर मच्छीमारास नियमांचा विषय मानले गेले, नियम घडविणारा घटक मानले गेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाने सवलतींची दारे उघडली असली, तरी उत्पादनवाढीची ओढही त्यामुळे वाढणार आहे. झटपट वाढणारा मासा शोधण्याच्या याच ओढीतून यापूर्वी तिलापिया व मांगूर आले होते. हा इतिहास ध्यानात ठेवून नियमांची फेरमांडणी झाली, तरच हतनूरच्या काठावरील पुढच्या पिढीच्या जाळ्यात तापीचा मासा उरेल.