पदकाचं खोटं आणि लोकप्रतिनिधीची खुर्ची



आज एका चुकीपासून सुरुवात करतो, आणि ती चूक माझीच आहे. नवीन वाचकांसाठी सांगतो : मी एम.एस्सी. केलं जैवरसायनशास्त्रात, पण पीएच.डी.चा विषय आहे खोट्या पात्रतांचा इतिहास. म्हणजे माणसं खोटी पदवी, खोटा अनुभव, खोटा सन्मान सांगतात तेव्हा संस्था काय करतात, हे मी शोधतो. पहिल्या वर्षी मी मसुद्यात लिहिलं होतं, "अमेरिकेत झेवियर अल्वारेझ या लोकप्रतिनिधीला खोटं लष्करी पदक सांगितल्यामुळे पद गमवावं लागलं." मॅडमनी पेन्सिलने खाली एक रेघ मारली आणि विचारलं, "निकाल वाचलास का?"

वाचला नव्हता. दोन लेख वाचले होते. मग निकाल वाचला आणि माझं वाक्यच कोसळलं. ते कसं, ते बघू.

कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट भागात 'थ्री व्हॅलीज' नावाचा पाणीपुरवठ्याचा एक जिल्हा आहे. त्याच्या संचालक मंडळावर लोकांमधून निवडून जावं लागतं. अल्वारेझ तिथे नवा संचालक होता. जुलै 2007 मध्ये शेजारच्या पाणी जिल्ह्याबरोबर बैठक होती. त्यात ओळख करून देताना त्याने सांगितलं, की आपण 25 वर्षं मरीन दलात होतो आणि 1987 मध्ये आपल्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक. त्याने लष्करात एक दिवसही काढला नव्हता.

आता थोडं मागे जाऊ. पदकाच्या खोट्याची चीड काही नवी नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने 1782 मध्ये सामान्य सैनिकांसाठी शौर्यचिन्ह सुरू केलं, तेव्हा त्याच आदेशात पात्र नसताना ते मिरवणाऱ्याला कडक शिक्षेची तंबी होती. विसाव्या शतकात अनधिकृतपणे पदक लावणं हा गुन्हा झाला. पण तोंडाने नुसतं "मला पदक मिळालंय" म्हणणं मोकळंच होतं. ही फट 2005 च्या 'स्टोलन व्हॅलर' कायद्याने बुजवली. 'चोरलेलं शौर्य' असा त्या नावाचा अर्थ. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि मेडल ऑफ ऑनरबद्दलचं खोटं असेल तर एक वर्षापर्यंत.

अल्वारेझवर याच कायद्याखाली खटला झाला. अपिलाचा हक्क राखून त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंग नाही; तीन वर्षं परिवीक्षा, 5000 डॉलर दंड आणि समाजसेवा. अपील न्यायालयाने दोषसिद्धी उलटवली, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 जून 2012 रोजी निकाल लागला : 6 विरुद्ध 3, अल्वारेझच्या बाजूने. कायदाच घटनाबाह्य ठरला.

इथे थांबा. "न्यायालयाने खोटं बोलायला परवानगी दिली" असं लिहिलंत, तर माझ्यासारखीच चूक कराल. त्या सहा न्यायाधीशांचंही एकमत नव्हतं. न्या. केनेडी आणि त्यांच्याबरोबरच्या तिघांचं म्हणणं असं, की नुसतं खोटं आहे म्हणून बोलण्यावरचं घटनेचं संरक्षण जात नाही. कुठलं खोटं शिक्षेला पात्र हे सरकार ठरवू लागलं तर त्याला शेवट नाही. खोट्यावर उपाय म्हणजे खरं बोलणं. अल्वारेझची लोकांनी टिंगल केली होती, वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या होत्या, एका सहकारी संचालकाने राजीनामाही मागितला होता. न्या. ब्रायर आणि न्या. केगन यांचा मार्ग वेगळा : हेतू चांगला आहे, पण तो अधिक नेमक्या कायद्याने साधता येईल. विरोधातल्या न्या. अलिटोंच्या मते अशा खोट्याला काही मोलच नाही, आणि त्याने खऱ्या शूरांचं नुकसान होतं. निकाल एकच असतो, पण कारणं तीन असू शकतात. प्रबंधात नेमकं कोणाचं कारण वापरताय, ते लिहायलाच हवं.

मग खुर्चीचं काय? पदकाच्या खटल्याने ती गेली नाही. घटस्फोटित पत्नीला जिल्ह्याच्या आरोग्य विम्याचा लाभ मिळवून दिल्याच्या वेगळ्या फसवणूक प्रकरणात तो दोषी ठरला, तुरुंगात गेला आणि पदही गेलं. माझ्या वाक्यातली माणसं खरी होती, घटनाही खऱ्या होत्या. 'त्यामुळे' हा शब्द तेवढा खोटा होता.

आता कॅलिफोर्नियाचा कायदा बघा. अल्वारेझच्या निकालाआधीच, 2011 मध्ये, राज्याने तरतूद केली की निवडून आलेला अधिकारी अशा गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याचं पद जाईल. पण अट आहे : खोटा दावा फसवणुकीच्या हेतूने केलेला हवा, आणि आधी न्यायालयात दोषसिद्धी हवी. बातमी आली, लोक चिडले, तेवढ्याने पद जात नाही. केंद्राचा 2013 चा नवा कायदाही याच वाटेने गेला. पैसा, मालमत्ता किंवा दुसरा ठोस लाभ मिळवण्याच्या हेतूने पदकाची थाप मारली, तर गुन्हा. फुशारकीपुरती मारली, तर नाही.

मग मतं हा 'ठोस लाभ' आहे का? माझं प्रकरण याच प्रश्नावर उभं आहे. उमेदवार पदकाच्या जोरावर निवडून येतो, पगार घेतो. पण मतदाराने मत पदकामुळे दिलं की पाण्याच्या दरामुळे, हे सिद्ध कसं करणार? प्रयोगशाळेत आपण कंट्रोल ठेवतो. निवडणुकीत कंट्रोल नसतो. तीच निवडणूक पदकाशिवाय पुन्हा घेता येत नाही.

ऑरेगॉनने हा प्रश्न वेगळ्या जागी धरला. तिथले काँग्रेस सदस्य वेस कूली यांनी 1994 च्या मतदार पुस्तिकेत कोरियात लष्करी सेवा केल्याचं खोटं छापलं होतं. गुन्हा ठरला तो अधिकृत पुस्तिकेत खोटं लिहिण्याचा. 1997 मध्ये ते दोषी ठरले, पण त्याआधीच बातम्यांच्या आणि पक्षाच्या दबावामुळे ते फेरनिवडणुकीतून बाहेर पडले होते. म्हणजे खुर्ची राजकारणाने घेतली, शिक्षा न्यायालयाने दिली.

"पण नोंदी तपासल्या की झालं ना?" असं वाटेल. निकालानंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पदकविजेत्यांची यादी संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केलीच. पण जुलै 1973 मध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि सुमारे 1.6 ते 1.8 कोटी सैनिकी फायली जळाल्या. 1912 ते 1960 या काळात लष्करातून निवृत्त झालेल्यांच्या बहुतांश फायली त्यात गेल्या. खरोखर लढलेल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे आज कागद नसेल. कागद नाही म्हणजे खोटारडा, असा नियम केला तर पहिला बळी तोच जाईल. पुरावा न सापडणं आणि खोटं सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं मत विचाराल, तर दोषसिद्धीची अट मला आता पटते. आधी ती पळवाट वाटायची. पण निवडून आलेल्या माणसाला काढणं म्हणजे हजारो लोकांचं मत पुसणं. ते करायचं तर पुरावा पक्काच हवा. तोवर राजीनामा मागा, बातमी छापा, पुढच्या वेळी पाडा.

तुमच्या टिपणवहीत 'मुळे' आणि 'म्हणून' हे शब्द जिथे जिथे आलेत, तिथे आज पेन्सिलने रेघ मारा. प्रत्येक रेघेखाली मूळ कागद आहे का, ते बघा. माझ्या मसुद्यात अशा 11 रेघा निघाल्या. चार वाक्यं काढून टाकावी लागली.