पेशी, कोशिका आणि प्राणी

नागपुरात 'पेशी' हा शब्द तीन अर्थांनी कानी पडतो. न्यायालयाच्या आवारात पेशी म्हणजे खटल्याची सुनावणी. हा शब्द फारसीतून आलेला. हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पेशी म्हणजे स्नायू. मराठी पाठ्यपुस्तकात मात्र पेशी म्हणजे सजीवाच्या शरीराचा मूलघटक. त्यावरूनच 'बहुपेशीय प्राणी' ही संज्ञा घडली.

परिभाषेचा प्रश्न या शहराला नवा नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडची ही राजधानी द्विभाषिक होती. १९४६ साली डॉ. रघुवीर लाहोरहून येथे आले आणि सर्व भारतीय भाषांना चालेल अशी संस्कृतोद्भव वैज्ञानिक परिभाषा घडवू लागले. तरीही आज हिंदी 'बहुकोशिकीय' म्हणते, मराठी 'बहुपेशीय'. मराठी विश्वकोशाने 'कोशिका' जवळ केली, शाळेने नाही.

तर्काच्या दृष्टीने कोशिकेची बाजू भक्कम आहे. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिलेल्या कप्प्यांना खोलीवाचक नाव दिले. 'कोश' त्याच्या जवळचा. याउलट सुश्रुताच्या पेशी म्हणजे मांसाचे पुंज, संख्येने पाचशे. त्या अर्थाने एकेक पेशीच बहुपेशीय ठरते!

पण आयुर्वेदात पेशीला आणखी एक अर्थ आहे. दुसऱ्या महिन्यातील गर्भाच्या पिंड, पेशी आणि अर्बुद अशा तीन आकृती तेथे सांगितल्या आहेत. इकडे अर्न्स्ट हेकेलने १८७४ साली मांडलेल्या सिद्धांतात 'मेटाझोआ' हा गट वेगळा काढला, तो केवळ पेशींची संख्या मोजून नव्हे. फलित अंड्याचे विभाजन होऊन गर्भाचे थर तयार होतात, हे त्याला निर्णायक वाटले. पुढे व्हिटेकरच्या १९६९ च्या पंचसृष्टी वर्गीकरणात अमीबासारखे एकपेशीय जीव प्राणिसृष्टीबाहेर गेले. जो एक उपगट होता, तोच संपूर्ण 'प्राणी' झाला. रंध्रीय स्पंजापासून माणसापर्यंतचे सारे त्यात आले.

म्हणजे प्राण्याची आधुनिक ओळख गर्भाच्या घडणीशी बांधलेली आहे, आणि मराठीने निवडलेल्या शब्दातही एक गर्भ दडलेला आहे. हा योगायोगच, शब्द रूढ करणाऱ्यांच्या मनात हेकेल होता असे म्हणण्याला आधार नाही. पण परिभाषेची परीक्षा केवळ अचूकतेच्या तराजूवर करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की रूढ शब्द 'चुकीचा' म्हणून टाकताना त्याच्या पोटातील इतिहासही टाकला जातो. भाषेच्या वर्गात 'पेशी' शिकवण्यासारखी आहे ती यासाठी.