बिनतारी वेड आणि पोटापाण्याची वाट

नववीत असताना मी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी एक रेडिओ जुळवला होता. खरखरत का होईना, मुंबई केंद्र लागले तेव्हा शेजारच्या काकांनी कौतुक केले आणि लगेच विचारले, "पण बाळ, याने पोट भरेल का?" आपल्या वर्गातही असा एखादा विद्यार्थी असतोच. एकाच गोष्टीच्या मागे लागलेला, बाकी विषयांत जेमतेम. त्याचे पुढे काय होणार याचा अंदाज आपण त्याच्या हुशारीवरून बांधतो. पण हौशी लोकांचा इतिहास चाळला तर वेड आणि हुशारी प्रत्येक पिढीत सापडते. त्या वेडाला बाजारात मोल कधी येते हे मात्र भलत्याच गोष्टी ठरवतात. अमेरिकेतल्या बिनतारीवेड्या मुलांची हकिकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गचा तरुण १९०४ मध्ये न्यूयॉर्कला आला. युरोपातून विजेचे सामान मागवून विकण्याची कंपनी त्याने काढली आणि दहा डॉलरच्या आत मिळणारा 'टेलिम्को' नावाचा घरगुती बिनतारी संच बाजारात आणला. त्याची रचना शाळेच्या प्रयोगशाळेत समजावून सांगता येईल इतकी साधी होती. प्रेषकात ठिणगी उडे व तिच्यापासून विद्युतचुंबकीय तरंग निघत. ग्राहकात धातूचा कीस भरलेली काचेची नळी असे. एरवी सैल असलेले कण तरंग येताच एकमेकांना चिकटत, त्यातून प्रवाह वाहे आणि घंटी वाजे. पुढचा संकेत घेण्यापूर्वी नळीला धक्का देऊन कीस पुन्हा सैल करावा लागे. इतक्या स्वस्तात असे यंत्र म्हणजे फसवणूकच, अशी शंका घेऊन आपल्या दुकानात पोलीस आला होता, असे गर्न्सबॅक पुढे रंगवून सांगत असे.

नुसता संच विकून भागणार नाही हे त्याला लवकर कळले. विकत घेतल्यावर पुढे काय करायचे हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे होते. १९०८ मध्ये त्याने 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' हे मासिक सुरू केले. त्यात जोडण्यांच्या आकृत्या, वाचकांच्या शंका आणि अर्थातच सुट्या भागांच्या जाहिराती असत. मासिकामुळे छंद वाढे, छंदामुळे सामान खपे. गर्न्सबॅक पक्का व्यापारी होता. पण गावोगावच्या एकट्या पडलेल्या मुलांना आपल्यासारखे आणखी कोणी आहेत, हे याच पानांतून कळले.

या मुलांना पहिला मोठा फटका कायद्याचा बसला. त्यांच्या ठिणग्या नौदलाच्या संदेशांत व्यत्यय आणतात अशा तक्रारी होत्याच. १९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' बुडाली आणि ऑगस्टमध्ये नवा कायदा आला. परवाना सक्तीचा झाला आणि हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीच्या कोपऱ्यात ढकलले गेले. तरंगलांबी जितकी मोठी तितका पल्ला लांब, अशी तेव्हाच्या तज्ज्ञांची समजूत होती. म्हणजे निरुपयोगी जमीन भूमिहीनांना वाटावी तसाच हा प्रकार! १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरताच त्यांची केंद्रे बंदच करण्यात आली. गंमत अशी, की त्याच वेळी सैन्याला आणि नौदलाला बिनतारी चालवणारी माणसे हवी होती आणि ती तयार मिळाली याच मुलांत. विद्या नवी होती. ती शिकवणाऱ्या संस्था थोड्या, पदवीधर त्याहून थोडे. अशा वेळी प्रमाणपत्र कोणी विचारत नाही.

युद्धानंतर पिट्सबर्गजवळ फ्रँक कॉनरॅड नावाच्या एका मध्यमवयीन हौशी माणसाने आपल्या गॅरेजमधले केंद्र पुन्हा सुरू केले. हा वेस्टिंगहाउस कंपनीतला अभियंता. शाळा मात्र सातवीनंतर सुटलेली. (शिक्षकांनी वाईट वाटून घेऊ नये.) मायक्रोफोनपुढे बोलून कंटाळा आला म्हणून तो ग्रामोफोनच्या तबकड्या लावू लागला. ऐकणाऱ्यांच्या फर्माइशी येऊ लागल्या. घरातल्या तबकड्या संपल्या तेव्हा एका दुकानदाराने दुकानाचे नाव घेण्याच्या बोलीवर तबकड्या उसन्या दिल्या. २९ सप्टेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या हॉर्न या मोठ्या दुकानाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की कॉनरॅडचे कार्यक्रम ऐकण्यासाठी दहा डॉलरपासून ग्राहकसंच आमच्याकडे मिळतील. ती जाहिरात वेस्टिंगहाउसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस यांनी वाचली.

माझ्या मते या हकिकतीतला कळीचा क्षण हाच. तोवर कंपन्या बिनतारीकडे तारायंत्राचा भाऊ म्हणून पाहत: एकाने पाठवायचे, दुसऱ्याने घ्यायचे, पाठवणाऱ्याने पैसे मोजायचे. डेव्हिस यांना दिसले, की कार्यक्रम फुकट द्यावा आणि ऐकण्याचे यंत्र विकावे. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला कंपनीच्या केडीकेए केंद्रावरून अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित झाले. १९२२ अखेर अमेरिकेत पाचशेहून अधिक केंद्रे होती आणि ती चालवायला, संच बनवायला, दुरुस्त करायला माणसे हवी होती. कालची उनाड पोरे एकदम 'रेडिओ इंजिनिअर' झाली. कॉनरॅड यांना १९२८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

ती नापीक ठरवलेली जमीनही सुपीक निघाली. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ११० मीटर तरंगलांबीवर अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशी केंद्रांनी अटलांटिकपलीकडे दुतर्फा संभाषण केले. लघुतरंग जमिनीलगत लवकर क्षीण होतात हे खरे. पण वर गेलेले तरंग आयनांबरातून वळून हजारो किलोमीटरवर पुन्हा खाली येतात. हे लक्षात आल्यावर मोठ्या कंपन्याही त्या कोपऱ्यात हजर झाल्या.

तेच तंत्र, तीच हौस मुंबईतही होती. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण केले होते. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र इथे सुरू झाले आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. संच परदेशी आणि महाग, त्यामुळे परवाने घेणारे थोडे. इथल्या हौशी मंडळींचे वेड कमी होते असे नाही, गिऱ्हाईक नव्हते.

गर्न्सबॅकने आणखी एक वेड वाढवले. १९२६ मध्ये त्याने केवळ विज्ञानकथांचे 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापली. मुले परस्परांना लिहू लागली, मंडळे काढू लागली, घरी चक्रमुद्रित अंक छापू लागली. १९२९ मध्ये त्याची प्रकाशनसंस्था दिवाळखोरीत गेली तरी त्याने लगेच नवी मासिके काढली. मंदीच्या त्या दिवसांत लेखकांचे पैसे मात्र थकत. डोनाल्ड वॉल्हाइम या चाहत्याची कथा १९३४ मध्ये छापली गेली, पण तिचे दहा डॉलर मिळेनात. त्याने इतर लेखकांना गाठून दावा लावला आणि तडजोडीत ७५ डॉलर वसूल केले. हाच वॉल्हाइम पुढे संपादक झाला आणि १९७१ मध्ये त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली.

क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर यांना हा व्यवहार इतक्या लवकर उमगला नाही. सीगलच्या चक्रमुद्रित अंकात १९३३ मध्ये 'सुपरमॅन' हे नाव आले होते, तेव्हा ते खलनायकाचे होते. तो नायक बनला आणि कॉमिक्सच्या नव्या धंद्याला त्याची गरज भासली तेव्हा, १९३८ मध्ये, दोघांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरला लिहून दिले. वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर निवृत्तिवेतन मिळायला १९७५ चा डिसेंबर उजाडला. दोघेही तेव्हा साठी ओलांडलेले होते.

त्याच १९७५ च्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर घरी जुळवण्याचा संगणक झळकला. नाव 'अल्टेर ८८००'. पुन्हा नवे यंत्र, पुन्हा मासिक, पुन्हा गॅरेजमध्ये जमणारी पोरे. त्या संगणकासाठी बेसिक भाषा लिहिणाऱ्यांपैकी एक होता विशीतला बिल गेट्स. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याने हौशी मंडळींना एक उघडे पत्र लिहिले. तक्रार अशी, की आमची आज्ञावली तुमच्यापैकी बहुतेकांनी पैसे न देता वापरली आहे.