दार कोण ठोठावतंय?

आजचा भाग भिवंडीतून, माझ्या घरातून रेकॉर्ड करतोय. मागे लूमची खटखट ऐकू आली तर समजून घ्या, ती इथं बंद होत नाही.

मे 2021. अठरा वर्षांवरच्यांना लस सुरू झाली, पण स्लॉट मोजकेच. आम्ही आयटीवाली पोरं! टेलिग्रामवर अलर्ट लावला, पिनकोड टाकला, ओटीपी आला, झालं बुकिंग. लस घेऊन आलो आणि स्टेटसला फोटो टाकला. खालच्या कारखान्यात लूम चालवणारे चाचा म्हणाले, "हम नहीं लेंगे, बेटा." मी त्यांना फॅक्टचेकच्या तीन लिंक पाठवल्या. इंग्रजीत! चाचांना मोबाईलवर उर्दू जेमतेम वाचता येतं. वर मनात म्हटलं, अडाणी माणूस. आज सांगतानाही लाज वाटते. कोविन पोर्टलवर मराठी जूनमध्ये आली, उर्दू त्या यादीतच नव्हती.

नंतर मी जुनं वाचायला लागलो आणि 1896 पाशी अडकलो. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यानं लस बनवली. 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई त्यानं स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, तरी काम चालू ठेवलं. आज परळला त्याच्या नावाची संस्था आहे.

तरी लोक घाबरले. त्या वेळच्या अफवा ऐका: सुई हातभर लांब असते, टोचली की माणूस सहा महिन्यांत मरतो, बाई वांझ होते, पुरुष नामर्द होतो. आता 2021 मधलं व्हॉट्सअ‍ॅप आठवा: लस घेतलेले सगळे दोन वर्षांत जाणार, मुलं होणार नाहीत. सव्वाशे वर्षांत व्हर्जन बदललं, कोड तोच.

पण लस तेव्हा बहुतेक ठिकाणी ऐच्छिक होती. सक्ती होती ती घरझडतीची. 1897 च्या साथरोग कायद्यानं (हाच कायदा 2020 मध्ये पुन्हा काढला) सरकारी पथकं घरात घुसायची, आजाऱ्याला उचलून न्यायची. पुण्यातलं रँड प्रकरण आपल्याला शाळेत शिकवतात. मदनपुरा मात्र कुणी शिकवत नाही. 9 मार्च 1898 ला मुंबईच्या या मोहल्ल्यात शोधपथक एका आजारी मुलीला न्यायला आलं. मोहल्ला मुसलमान विणकरांचा. लोक आडवे आले, दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढं याच मदनपुऱ्यातले कितीतरी यंत्रमाग भिवंडीत आले. आमच्या गल्लीतल्या आडनावांत आजही अन्सारी आणि मोमीनच जास्त.

त्याच शहरात, त्याच काळात तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, एकदा नाही, अनेकदा. हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपलं खुश्रू लॉज दिलं. हजारो खोजांनी लस घेतली. साथ एकच, सुईही एकच. मला वाटतं, फरक एवढाच होता की सांगणारा घरातला होता.

आता आमच्याकडचं बघा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लूम थांबले आणि मजूर हायवेनं पायी यूपीकडे निघाले. तेव्हा कुणी दार वाजवून "जेवलात का?" असं विचारलं नाही, असं चाचा म्हणतात. त्याच उन्हाळ्यानंतर शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजन केंद्र सुरू झालं, फुकट, कुठल्याही धर्माच्या माणसासाठी. तिथं जायला कुणी कचरलं नाही. सिलिंडरची भीती कुणालाच वाटली नाही. मग सुईचीच का?

शेवटी मी चाचांना नीट विचारलं. अफवेबद्दल ते अर्धं मिनिट बोलले, मजुरीबद्दल दहा मिनिटं. "ताप आला की दोन दिवसांचा खाडा. मीटरवर पैसे मिळतात, बेटा. कापड नाही तर पैसा नाही." माझ्या तीनही लिंकमध्ये याचं उत्तर नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर कॅम्प लागला. डॉक्टर खुर्ची टाकून बसले होते, नावानं हाका मारत होते. शेठनं सांगितलं, ज्याला ताप येईल त्याची दोन दिवसांची मजुरी मी देतो. चाचा रांगेत उभे राहिले. रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी लूम बंद. शनिवारी हिशेब झाला तेव्हा खाडा कापलेला नव्हता.