मुळशीचें पाणी आणि मोबदल्याचा हिशेब

पावसाळ्यांत मुळशीकडे सहलीस जाणारी पुण्याची मंडळी तलावाचें विस्तीर्ण पाणी पाहून प्रसन्न चित्तानें परततात. सह्याद्रीच्या कुशींत हें सरोवर निसर्गानेंच वसविलें असावें असा भास होतो. परंतु त्या पाण्याखालीं मावळांतील गांवें आहेत, आणि त्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस या पाण्याकडे केवळ सौंदर्यदृष्टीनें पाहतां येत नाहीं.

योजना मोठ्या धाडसाची होती. निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून टाटांच्या वीज कंपनीनें पूर्वेकडे वाहणारें पाणी अडवावयाचें, तें पश्चिमेस वळवून घाटाखालीं भिरा येथें यंत्रांवर सोडावयाचें, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवावयाच्या. खोपोलीस १९१५ सालींच अशी वीज निघूं लागली होती. कोळशाच्या खर्चांतून व धुरांतून मुंबई सुटावी, ही आकांक्षा अनुचित होती असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तिच्या वाटेंत सुमारें ५० गांवें, आंबेमोहोर तांदळाचीं खाचरें आणि अदमासें ११,००० माणसें होतीं.

या माणसांस उठविण्याचें साधन १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यांत तयारच होतें. एखादें काम लोकांस उपयोगी पडण्याचा संभव आहे अशी सरकारची खात्री पटली, कीं कंपनीकरितांही जमीन सक्तीनें घेतां येई. मोबदला अर्थात द्यावयाचा; पण कोणाला? मुख्यतः ज्याचा कागदोपत्रीं हक्क त्याला. मावळांतील पुष्कळ जमिनी कर्जापायीं पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथें राबणारा शेतकरी आपल्याच शेतांत कूळ होऊन राहिला होता. जमिनींत ज्याचा पैसा गुंतला होता त्याची भरपाई पैशानें होऊं शकत होती. जमिनीवर ज्याचा संसार उभा होता त्याची होऊं शकत नव्हती. ज्याच्या नांवावर गुंठाभर जमीन नाहीं, पण ज्याच्यावांचून साऱ्या गांवाचें अडतें, त्या बलुतेदाराला तर या हिशेबांत जागाच नव्हती.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे धरणाच्या जागीं जमले व त्यांनीं काम बंद पाडलें. पांडुरंग महादेव बापट यांस लोकांनीं ‘सेनापति’ म्हटलें तें याच लढ्यांत. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते खोऱ्यांत जाऊन राहिले. कंपनीनें कायदेशीर हक्कावर अडून न बसतां लोकांशीं विचारविनिमय करावा, असें गांधीजींनींही लिहिलें. काम कांहीं काळ थांबलें, परंतु पुन्हां सुरू झालें. पुढें मोबदल्याची तडजोड पत्करून सावकार मंडळी बाजूला झाली, आणि लढ्याचा एक खांबच ढासळला. १९२४ सालीं कामाच्या गाडीवर सशस्त्र हल्ला केल्यावरून बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ सालीं भिऱ्याची वीज मुंबईस जाऊं लागली.

या पराभवाचें खापर परक्या सरकारवर फोडून मोकळें होणें सोपें आहे. पण स्वराज्य आल्यावर कोयनेचें धरण झालें, आणि तेथील खेडुतांस ठाणें, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगावें लागलें. जमिनीसाठीं त्यांच्या पुढील पिढ्यांनाही आंदोलनें करावीं लागलीं. राज्यकर्ते बदलले तरी हिशेबाची वही तीच राहिली होती.

ती वही बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रानें १९७६ च्या पुनर्वसन कायद्यानें केला. धरणाच्या पाण्यानें ज्यांचीं शेतें भिजतील त्यांच्या जमिनींतील कांहीं वांटा घेऊन तो उठलेल्यांस द्यावा, हें त्याचें तत्त्व न्यायाचें होतें. परंतु मुळशीस तें लावून पाहिलें तर काय दिसतें? तेथील पाणी शेतांकडे न जातां यंत्रांकडे गेलें; लाभ झाला तो गिरण्यांस व शहरास. आणि गिरणींतून वांटून द्यावयास जमीन कोठली?

अखेर १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा अमलांत आला. कूळ, शेतमजूर, कारागीर यांची उपजीविका जमिनीवर अवलंबून असेल तर त्यांसही बाधित मानून पुनर्वसनाचा हक्क त्यानें दिला. मुळशीच्या मावळ्यांना जें मिळालें नाहीं तें सुमारें नव्वद वर्षांनीं कागदावर आलें, याचें समाधान आम्हांस आहे. मात्र त्याच कायद्यांत खाजगी कंपनीसाठीं ८० टक्के कुटुंबांची जी पूर्वसंमति सांगितली आहे, ती जमिनीच्या मालकांची आणि सरकारनें ज्यांस जमीन दिली त्यांची. कुळास व मजुरास गांव सोडतांना मदत मिळेल. गांव सोडावें कीं नाहीं, हें त्यांस कोणी विचारणार नाहीं.

रामनवमीच्या त्या दिवशीं मावळे रकमेची घासाघीस करण्यास जमले नव्हते. आम्हांस विचारल्यावांचून आमचें गांव बुडवूं नका, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. जमीन ज्याच्या नांवें नाहीं त्याच्यापुरतें तें म्हणणें अद्यापि कायद्याच्या दाराबाहेर उभें आहे. मुळशीच्या पाण्याकाठीं बसून घटकाभर विसावतांना आपण शहरवासीयांनीं एवढें तरी आठवावें.